नाशिकरोडला छापलेली शेजाऱ्यांची तिकिटं

पाकिस्तानची पहिली टपाल तिकिटं नाशिकरोडला तयार झाली. वर्गात हे वाक्य उच्चारलं की मुलं हसायची. इतिहासाच्या तासाला बाईंनी मधेच काहीतरी गंमत केली, असं त्यांना वाटायचं. पण १ ऑक्टोबर १९४७ रोजी कराची-लाहोरच्या पोस्टांत जी तिकिटं विक्रीला आली, ती आपलीच होती. सहाव्या जॉर्ज बादशहाचं तेच मुकुटधारी डोकं, तीच हिंदुस्थान सरकारची किंमत, आणि वर इंग्रजीत छापलेला एकच शब्द : पाकिस्तान. तीन पैंपासून पंचवीस रुपयांपर्यंतची अख्खी मालिका आमच्या गावच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून गेली. घाईत पुरी पडली नाहीत म्हणून कराचीत, लाहोरात, पेशावरात, ढाक्यात लोकांनी रबरी शिक्के करून उरलीसुरली तिकिटं रंगवली. जगभरचे तिकीट जमवणारे त्या हाती शिक्क्यांपासून वेगळी ओळखण्यासाठी आमच्या छपाईला आजही ‘नाशिक ओव्हरप्रिंट’ म्हणतात.

त्याच महिन्यांत इथून हाकेच्या अंतरावर, देवळाली कॅम्पात, सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना बराकींमध्ये जागा दिली जात होती. एकीकडे त्यांची वळकटी उतरत होती, दुसरीकडे त्यांनी सोडलेल्या गावांसाठी तिकिटं बांधून रवाना होत होती. आमचे अण्णा त्याच्या आदल्या वर्षीच प्रेसमध्ये लागले होते, मोजणीच्या खात्यात. प्रेसमधलं काही घरी बोलायचं नाही हा त्यांचा दंडक. भोंगा झाला की जायचं, सुटताना झडती द्यायची आणि घरी आल्यावर फक्त भाजीचा भाव विचारायचा. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, माझ्या अल्बममधलं ते तिकीट हातात घेऊन ते एवढंच म्हणाले, “शीट मोजताना नाव वाचायचं नसतं. आकडा चुकतो.”

सरकारं शेजारच्या मुलखावर आपली छाप कशी पाडतात, हा विषय निघाला की लोक रेडिओ, सिनेमा आणि आता वाहिन्यांबद्दल बोलतात. ते बरोबरच आहे. दुसरं महायुद्ध सुरू होताच, ऑक्टोबर १९३९मध्ये, ऑल इंडिया रेडिओनं परदेशांसाठी प्रसारण सुरू केलं ते पुश्तू भाषेत, म्हणजे थेट सरहद्दीपलीकडच्या श्रोत्यासाठी. सिनेमाचं तर नाशिककरांना सांगायलाच नको. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, आणि त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी १९१८ साली इथेच उभी राहिली. मात्र फाळक्यांनी सिनेमा काढला तो स्वतःच्या जिवावर आणि कर्जावर. सरकारनं स्वतः छापलेलं, स्वतः वाटलेलं, निरक्षर माणसाच्याही हातात गेलेलं आणि वर त्यानंच पैसे मोजून घेतलेलं प्रचारसाहित्य कोणतं, असं विचाराल तर मी तिकीट आणि नोट यांच्याकडे बोट दाखवीन. दोन्ही नाशिकरोडची. जोसेफ नाय या अमेरिकन प्राध्यापकानं १९९०च्या सुमारास ‘सॉफ्ट पॉवर’ हा शब्द रूढ केला, त्याच्या कितीतरी आधी हा उद्योग जेलरोडच्या आसपास पाळ्यांमध्ये चालू होता.

माझं म्हणणं मात्र थोडं वेगळं आहे. तिकिटावरचं चित्र पाहून कुणी कुणाचा मित्र झाला, असं मला तरी आढळलेलं नाही. चित्रामागे पोस्ट चालत असेल, पत्र वेळेवर पोचत असेल, नोटेच्या बदल्यात माल मिळत असेल, तेवढ्यापुरतीच त्या कागदाला किंमत. नाशिकच्या छपाईची शंभर वर्षं पाहिली तर हे वारंवार दिसतं.

हिंदुस्थानची तिकिटं १८५५पासून लंडनच्या डी ला रू कंपनीकडे छापली जात, आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडकडे. हजारो मैलांवरून जहाजानं कागद आणायचा, त्याचा खर्च आणि पहिल्या महायुद्धात जहाजं बुडू लागली तेव्हाची चिंता, यातून इथेच छापखाना काढायचं ठरलं. टांकसाळीचा अनुभव असलेले कर्नल विलिस यांच्याकडे हे काम आलं. मुंबईपासून रेल्वेनं जवळ, हवा कोरडी आणि बेताची, कागद सर्दावत नाही आणि शाई वाळते, म्हणून नाशिक. १९२५मध्ये प्रेस उभा राहिला, पुढच्या वर्षी इथली तिकिटं पोस्टांत दिसू लागली आणि १९२८मध्ये करन्सी नोट प्रेसमधून पाच रुपयांची पहिली नोट बाहेर पडली. द्राक्षं, चिवडा आणि रामकुंड यांसाठी ओळखलं जाणारं गाव अशा रीतीनं साम्राज्याच्या खिशात जाऊन बसलं.

डी ला रूच्या काळात तिकिटावर राजा किंवा राणीचं डोकं, बस्स. नाशिकला आल्यावर चित्रं आली. १९२९मध्ये विमान टपालाची तिकिटं निघाली. फेब्रुवारी १९३१मध्ये नवी दिल्लीच्या उद्घाटनाची सहा तिकिटं आली : पुराना किल्ला, युद्धस्मारकाची कमान, कौन्सिल हाउस, व्हाइसरॉयचा वाडा, सेक्रेटरिएट. वर्ष लक्षात घ्या. मिठाच्या सत्याग्रहाला वर्षही झालं नव्हतं, गांधीजी नुकतेच येरवड्याहून सुटले होते आणि सरकार पाव आण्याच्या कागदावर सांगत होतं की आम्ही इथे दगडात घर बांधलं आहे. १९३५च्या रौप्यमहोत्सवी मालिकेत तर राजाच्या शेजारी रामेश्वरचं देऊळ, सुवर्णमंदिर, ताजमहाल, कलकत्त्याचं जैन मंदिर असा सर्वधर्मसमभावच मांडला. त्यातलं आठ आण्यांचं तिकीट मला सगळ्यांत बोलकं वाटतं. त्यावर मंडालेचा पॅगोडा आहे. मंडाले म्हटल्यावर मराठी माणसाला पॅगोडा नव्हे, टिळकांचा तुरुंग आठवतो. सरकारला मात्र ब्रह्मदेश अजून हिंदुस्थानातच आहे हे दाखवायचं होतं. दोनच वर्षांनी, १ एप्रिल १९३७ला, ब्रह्मदेश वेगळा झाला. त्या दिवशी तिथल्या पोस्टांत काय विकलं गेलं? नाशिकचीच तिकिटं, वर ‘बर्मा’ असा ओव्हरप्रिंट मारून. पुढच्या वर्षी त्यांची स्वतःची मालिका आली : मोर, राजनौका, सागवान ओढणारे हत्ती, भातशेती. तीही नाशिकला छापलेली. नोटांचंही तेच झालं. हिंदुस्थानी नोटांवर ‘फक्त ब्रह्मदेशात कायदेशीर’ अशी ओळ छापून त्या तिकडे धाडल्या. देश वेगळा झाला, पण त्याचा कागद नाशिकहूनच जात राहिला.

आता पश्चिमेकडे वळू. अरबस्तानच्या किनाऱ्यावर ब्रिटिशांचा कारभार लंडनहून नव्हे, हिंदुस्थान सरकारमार्फत चाले. मस्कतला १८६४मध्ये, बहारीनला १८८४मध्ये, कुवेतला १९१५मध्ये हिंदुस्थानी टपाल कचेऱ्या उघडल्या. मोत्यांचे व्यापारी, खलाशी, मुंबईचे दलाल यांची पत्रं तिथून जात आणि रुपया तिथलं रोजचं चलन होता. १९२३पासून आपल्या तिकिटांवर ‘कुवेत’ आणि १९३३पासून ‘बहारीन’ छापून पाठवू लागले. १९४४मध्ये मस्कतच्या अल बुसैद घराण्याच्या राजवटीला दोनशे वर्षं झाली, तेव्हा नाशिकच्या प्रेसनं सहाव्या जॉर्जच्या तिकिटांवर अरबी अक्षरांत त्या घराण्याचं नाव आणि हिजरी साल छापलं. इंग्रज राजा, अरबी मजकूर, नाशिकची शाई. साम्राज्याचं शेजारधर्माचं गणित एवढ्याशा कागदावर आहे : तुमच्या सुलतानाचा मान आम्ही ठेवतो, पण डोकं आमच्या राजाचंच राहील.

उत्तरेकडची गोष्ट याहून चांगली आहे आणि कमी लोकांना ठाऊक आहे. ब्रिटिश सेनाधिकारी यंगहजबंडची फौज १९०३-०४मध्ये तिबेटात घुसली, तिच्या मागोमाग टपालही गेलं. यातुंग, फारी, ग्यांत्से इथे हिंदुस्थानी पोस्टं बसली आणि फौज परतली तरी ती राहिली. ल्हासाचं सरकार लाकडी ठशांवर स्वतःची तिकिटं छापत असे, सुरेख असत ती, पण तिबेटाबाहेर त्यांना कोणी विचारत नसे. त्यामुळे ल्हासाहून कलकत्त्याला पत्र धाडणारा व्यापारी एका पाकिटावर दोन देशांची तिकिटं लावी : ग्यांत्सेपर्यंत तिबेटचा सिंह, पुढे नाशिकचा जॉर्ज. अशी पाकिटं आता लिलावात माझ्यासारखीच्या पेन्शनीला न झेपणाऱ्या भावाला जातात. नेपाळचंही तेच. नेपाळची तिकिटं नेपाळ, हिंदुस्थान आणि तिबेट सोडून कुठे चालत नसत. काठमांडूहून लंडनला पत्र लिहायचं तर वकिलातीतल्या हिंदुस्थानी पोस्टात जाऊन आपलं तिकीट लावावं लागे. नेपाळची स्वतःची तिकिटं परदेशी टपालाला चालू लागली ती १९५९मध्ये, आणि वकिलातीतलं आपलं पोस्ट बंद झालं १९६५मध्ये. त्याच्या आधीच नेपाळी तिकिटंही नाशिकला छापली जाऊ लागली होती. १९४९ची राजा त्रिभुवन आणि देवळांची मालिका इथली आहे. नेपाळनं १९४५मध्ये पहिली कागदी नोट काढली, तीसुद्धा नाशिकरोडलाच छापून घेतली.

कागद परक्याचा असला की त्याचं काय होतं, हे ब्रह्मदेशानं दाखवून दिलं. १९४२मध्ये जपान्यांबरोबर बर्मा इंडिपेंडन्स आर्मी आली आणि पोस्टांत सापडलेल्या नाशिकच्या तिकिटांवर राजाच्या डोक्यावरच मोर छापला. नवी तिकिटं छापायला वेळ नव्हता, तोंड झाकायला होता. सुभाषबाबूंनी तर १९४३मध्ये जर्मनीत आझाद हिंदची तिकिटं छापून तयारच ठेवली होती. पोस्ट मिळालं नाही, म्हणून ती कधी वापरात आली नाहीत. देखणी तिकिटं आहेत. पण पोस्टमन नसलेलं तिकीट म्हणजे नुसतं चित्र.

पाकिस्तानही फार काळ नाशिकच्या भरवशावर राहिला नाही आणि राहायला नकोच होता. ३० जून १९४८पर्यंत रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची बँक होती, त्यामुळे १ एप्रिल १९४८पासून नाशिकच्या नोटांवर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असं छापून त्या तिकडे गेल्या. काश्मीरात दोन्ही फौजा लढत होत्या आणि दोन्ही फौजांचे पगार एकाच प्रेसच्या कागदावर होत होते. जुलै १९४८मध्ये पाकिस्तानची स्वतःची तिकिटं निघाली, ती छापली लंडनच्या डी ला रूनं. ज्या कंपनीला नको म्हणून नाशिकचा प्रेस निघाला, तिच्याकडेच शेजारी परत गेला. शत्रूपेक्षा जुना मालक बरा, असा तो हिशेब असावा. त्यात मला तरी काही चूक दिसत नाही.

आपणही त्याच वर्षी बाहेर गेलो होतो. गांधीजींची पहिली चार तिकिटं १५ ऑगस्ट १९४८ला निघाली, ती स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यातली. नाशिककडे तेव्हा फोटोग्रॅव्ह्यूरची यंत्रं नव्हती आणि बापूंचा चेहरा जगापुढे ठीकठाक जायला हवा होता. खादीवाल्यांनी नाकं मुरडली असतील. पण पुढच्या वर्षी नाशिकनं जे केलं ते स्वतंत्र भारताचं पहिलं खरं दर्शन होतं. १५ ऑगस्ट १९४९ची पुरातत्त्व मालिका : अजिंठा, कोणार्कचा घोडा, त्रिमूर्ती, नटराज, सांची, बोधगया, विजापूरचा गोलघुमट, सुवर्णमंदिर, लाल किल्ला, ताज, कुतुबमिनार, शत्रुंजय. राजाचं डोकं गेलं आणि त्या जागी कोणत्याही एका राजाची नसलेली शिल्पं आली. त्यातल्या एक आण्याच्या बोधिसत्त्वाची प्रतिमा छापताना उलटी झाली, डाव्याचा उजवा हात झाला, आणि १९५०मध्ये ती सुलट करून पुन्हा छापावी लागली. त्या दोन्ही अवस्था स्वस्तात मिळतात. नवख्या संग्राहकानं तिथून सुरुवात करावी. १९५२मध्ये फोटोग्रॅव्ह्यूर नाशिकला आलं, आणि त्यावरची पहिली मालिका संतकवींची : कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, रवींद्रनाथ. ज्या जिल्ह्यात छापली तिथल्या माणसाच्या ओठावरचे ज्ञानोबा-तुकोबा त्यात नाहीत. नामदेवांना १९७०पर्यंत थांबावं लागलं, या दोघांना त्याहूनही पुढे. दिल्लीला जग दिसत होतं, आळंदी-देहू दिसायला वेळ लागला.

त्या जगाकडे पाहणाऱ्या दिल्लीचा सगळ्यांत भारी पुरावा माझ्या अल्बमच्या एका पानावर आहे. कोरियाचं युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळायचं कुणी, हा पेच होता. दोन्ही बाजूंना चालेल असा देश भारत ठरला. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांच्या छावण्या सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख आमच्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. या दलासाठी १९५३मध्ये नाशिकनं पुरातत्त्व मालिकेतल्या बारा तिकिटांवर देवनागरीत छापलं : ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. कोरियात बसलेल्या जवानाच्या पत्रावर सांचीचा स्तूप किंवा अजिंठ्याचा हत्ती आणि त्याच्या पाठीवर नागरी अक्षरं. इंग्रजीत छापलं असतं तर कोरियन, चिनी, अमेरिकन सगळ्यांना वाचता आलं असतं. मुद्दाम नागरीत छापलं. वाचणारा नाही समजला तरी चालेल, कोण आलं आहे ते कळलं पाहिजे, हा त्यातला आब.

पुढच्या वर्षी जिनिव्हा करार झाला आणि इंडोचायनातल्या युद्धविराम आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं. लगेच ‘अन्तर्राष्ट्रीय आयोग कम्बोज’, ‘लाओस’, ‘वियत नाम’ असे तीन ओव्हरप्रिंट निघाले. १९६२मध्ये काँगोसाठी, १९६५मध्ये गाझातल्या सैन्यासाठी. लष्करी टपालाच्या त्या पाकिटांची एक खासियत आहे. ती ज्या देशातून आली तिथल्या लोकांनी हे तिकीट कधी पाहिलंच नाही. ती तिकिटं दोघांसाठीच होती : पंजाबात, गढवालात, साताऱ्यात वाट पाहणाऱ्या घरांसाठी आणि न्यूयॉर्क-लंडनच्या संग्राहकांसाठी. तरीही ती सगळ्या परदेशी कॅटलॉगांत आली, आणि एका गरीब, नव्या देशाचं नाव जगाच्या भांडणात मध्यस्थ म्हणून नोंदलं गेलं. हा मान थोरातांच्या जवानांनी कोरियातल्या थंडीत, एकही बाजू न घेता, कमावला होता. तिकिटानं फक्त त्याची पावती फाडली.

कागदाची दुसरी बाजू नकाशांत दिसते. १ एप्रिल १९५७ला नवा पैसा आला आणि त्याबरोबर भारताच्या नकाशाची मालिका. त्याच साली पोर्तुगालनं आपल्या इकडच्या वसाहतीसाठी नकाशाची तिकिटं काढली. सावंतवाडीच्या पोस्टात एक नकाशा आणि पणजीच्या पोस्टात दुसरा. चार वर्षांनी, डिसेंबर १९६१मध्ये, गोव्याचा निकाल लागला तो तिकिटांनी नव्हे, फौजेनं. पण निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत पणजीच्या पोस्टात आपली तिकिटं पोचली होती, आणि नव्या राज्याचा पहिला अनुभव सामान्य गोंयकाराला तिथेच, खिडकीवर, मिळाला.

आखाताचा शेवट मात्र कागदानंच केला. तिकिटांचा कारभार १९४८मध्ये ब्रिटिशांनी परत घेतला, पण रुपया तिथे चालतच होता. सोन्याची चोरटी आयात करणारे रुपये आखातात नेत आणि आपली परकी गंगाजळी आटे. म्हणून १९५९मध्ये कायदा बदलून आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या. नक्षी तीच, रंग निराळे : एक आणि दहा तांबड्या, पाच केशरी, शंभर हिरवी, क्रमांकाआधी इंग्रजी झेड. हज यात्रेकरूंसाठीही वेगळ्या नोटा होत्या. छपाई अर्थातच नाशिकची. एका परीनं पाहिलं तर आपलं चलन दुसऱ्या देशांत चालणं ही केवढी प्रतिष्ठा! पण कुवेतनं १९६१मध्ये स्वतःचा दिनार काढला, बहारीननं १९६५मध्ये. ६ जून १९६६ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि आखाती बाजारात लोकांच्या हातातल्या पैशाची किंमत एका रात्रीत घटली. कतार, दुबईनं त्याच वर्षी रुपया सोडला. ओमान १९७०पर्यंत थांबला. शंभर वर्षं मुंबईच्या पेढ्यांनी, गलबतांनी आणि पोस्टांनी मिळवलेला विश्वास होता तो. कोणाचा दोष काढायचा? आपलं घर सावरायला अवमूल्यन करावं लागलं, हे खरं. पण दुसऱ्याच्या खिशातही आपण आहोत याचा विचार त्या रात्री दिल्लीत कुणी केला असेल, असं वाटत नाही.

१९७१. पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे येत होते, संख्या एक कोटीच्या घरात गेली. १५ नोव्हेंबरपासून पत्राच्या पाकिटावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं. कुटुंबनियोजनाच्या जुन्या तिकिटांवर ‘शरणार्थी सहायता’ आणि ‘रेफ्युजी रिलीफ’ छापून काम भागवलं. मी तेव्हा शाळेत होते. मामाला पत्र टाकायचं तर आई पाच पैसे वेगळे काढून द्यायची आणि पोस्टाच्या खिडकीवरचा माणूस कुरकुरणाऱ्याला ऐकवायचा, “तिकडं लेकरं उपाशी हायत.” सरकारची शेजारनीती सामान्य घरात पोचली ती अशी, रोजच्या खर्चात बसून. युद्ध संपलं, देश जन्मला, आणि २१ फेब्रुवारी १९७२ला बांगलादेशानं ढाक्याच्या शहीद मिनारचं तिकीट काढलं ते नाशिकला छापून. ४ मार्चला त्यांच्या एक आणि शंभर टाकांच्या नोटा आल्या, नकाशाची नक्षी असलेल्या, त्याही भारतात छापलेल्या. तेव्हा नाशिकरोडला अभिमानाचं वातावरण होतं. अण्णासुद्धा नियम मोडून घरी म्हणाले, “कामाचा फार रेटा आहे हल्ली, पण बरं वाटतं.”

आणि ढाक्यात? महागाई भडकली, नकली नोटा निघाल्या, आणि भारतानं दुप्पट नोटा छापून माल लुटून नेला अशी अफवा पसरली. लवकरच त्या नोटा चलनातून काढल्या गेल्या. ज्यांच्यासाठी इथल्या बायकांनी पाच-पाच पैसे काढले, त्यांनाच नाशिकचा कागद संशयाचा वाटू लागला. यात कृतघ्नता शोधणारे पुष्कळ भेटतात. मला ती दिसत नाही. रिकाम्या पोटी हातात आलेली नोट ज्यानं छापली त्याचाच राग येतो, मग तो कितीही भला असो. उपकाराचा कागद फार दिवस चालत नाही, हे दिल्लीला १९४८मध्येच पाकिस्तानकडून कळायला हवं होतं.

आता नेपाळचं. ज्या देशाची पहिली नोट नाशिकला छापली, त्यानं २०२०मध्ये कालापानी, लिपुलेख, लिंपियाधुरा हे भाग दाखवणारा नवा नकाशा मंजूर केला. मे २०२४मध्ये हा नकाशा शंभर रुपयांच्या नोटेवर छापायचं ठरलं आणि त्याच वर्षी तीस कोटी नोटांचं काम चायना बँकनोट प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशनला मिळालं. तो नकाशा आपण छापणं शक्यच नव्हतं. चिनी कंपनीला नेपाळी नोटांची कामं मात्र नकाशाच्या आधीपासून मिळत होती, निविदा भरून आणि कमी भाव लावून. तिबेटातली आपली पोस्टं १ एप्रिल १९५५ला चीनच्या स्वाधीन केली, पंचशील करारानंतर. तेव्हा ग्यांत्सेची खिडकी त्यांच्याकडे गेली, आता काठमांडूचा खिसा. आमच्या प्रेसमध्ये आता देशभरचे पासपोर्ट छापले जातात, तिकिटं आहेत, नोटा आहेत. शेजाऱ्यांची गर्दी ओसरली. शेजाऱ्यांनी आपापला चेहरा आपापल्या कागदावर आणला हे योग्यच झालं. पण टपाल, बाजार, रस्ता, वेळेवर पोचणारा माल यांतून मिळणारी जागा आपण मोकळी सोडली आणि नुसत्या घोषणांनी ती भरेल असं मानत बसलो, हे योग्य झालं नाही.

शेवटी वाचकांना एक विनंती. तुमच्या घरच्या ट्रंकेत आजोबांची बहारीनहून, रंगूनहून, कोरियाहून किंवा लाओसहून आलेली पत्रं असतील तर तिकीट काढायला पाकीट पाण्यात बुडवू नका आणि कोपरा कातरू नका. सुटं नाशिक ओव्हरप्रिंट बाजारात पाहिजे तेवढं मिळतं. पत्र कुठल्या पोस्टातून निघालं, कुठे पोचलं आणि किती दिवसांनी, हे सांगणारे पुढचे-मागचे शिक्के मात्र अख्ख्या पाकिटावरच असतात. तेवढं पाकीट सांभाळा, आणि शक्य झालं तर आत कोण, कुणाला, काय लिहितं आहे ते वेगळ्या कागदावर टिपून त्याच्यासोबत ठेवा.